पाणी माळावर कोण चढवतं?

मैत्रिणींनो, भांडी पालथी घालून, चूल सारवून आता कुठं टेकला असाल. म्हणून आज सुरुवात घरातल्याच एका गोष्टीनं करतो.

आमच्या गटातल्या एकीची मुलगी नववीत आहे. परवा संध्याकाळी ती विज्ञानाचं पुस्तक घेऊन दारात अभ्यासाला बसली होती. धडा होता ‘कार्य आणि ऊर्जा’. आई विहिरीवरून तिसरी खेप घेऊन आली, आणि नेमकं तेव्हाच मुलगी म्हणाली, “आई, ऐक ना. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं कितीही चाललं तरी काम शून्य होतं.” आई हंडा डोक्यावर तसाच ठेवून उभी राहिली. म्हणाली, “शून्य? मग उद्यापासून हे शून्य तूच आण.”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग एकेक जण गप्प झाली. कारण हे वाक्य आम्हाला नवं नव्हतं. “घरीच असते, काही काम करत नाही,” हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आता शाळेचं पुस्तकही तेच म्हणायला लागलं की काय?

म्हणून आम्ही ठरवलं, पुस्तकच उघडून बघू. आठवीचं ‘बल व दाब’ आणि नववीचं ‘कार्य आणि ऊर्जा’, असे दोन धडे घेतले. आमच्यातल्या कुणी सातवीपर्यंत शिकलेल्या, कुणी दहावीला बसलेल्या. शिकवायला तीच नववीतली पोरगी. आठ-दहा संध्याकाळी आम्ही हे केलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगायचंय. शेवटी त्याचा उपयोग ग्रामसभेत कसा झाला, तेही सांगू.

आधी ‘बल’. एखादी वस्तू ढकलायला, ओढायला, उचलायला लागतो तो जोर म्हणजे बल. ते न्यूटनमध्ये मोजतात. एक किलोची वस्तू हातावर तोलून धरायला साधारण १० न्यूटन बल लागतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आपण हंड्यात २० लिटर पाणी धरू आणि हंड्याचं वजन सध्या सोडून देऊ. मग तो हंडा उचलायला २०० न्यूटन बल लागतं.

आता ‘कार्य’. पुस्तकाचा हिशोब असा, की बल लावलं आणि वस्तू त्या बलाच्या दिशेनं सरकली, तर बल गुणिले अंतर एवढं कार्य झालं. ते ज्यूलमध्ये मोजतात. हंडा जमिनीवरून उचलून डोक्यावर घेतला, दीड मीटर वर गेला, तर २०० गुणिले दीड, म्हणजे ३०० ज्यूल कार्य झालं. इथं पुस्तकाचं आणि आपलं एकमत आहे.

पण सपाट वाटेनं चालताना काय होतं? आपण हंड्याला जोर लावतो तो वरच्या दिशेनं, तो पडू नये म्हणून. आणि हंडा सरकतो पुढं. जोराची दिशा एक, सरकण्याची दिशा दुसरी, दोन्हींमध्ये काटकोन. वरच्या दिशेनं हंडा वीतभरही गेला नाही. म्हणून त्या जोरानं झालेलं कार्य शून्य.

मग आपण दमतो ते कशानं? इथं आमची पोरगीही अडली. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत बाईंना विचारलं आणि उत्तर घेऊन आली. ते आम्हाला फार पटलं.

भिंतीतल्या खुंटीला पिशवी अडकवली तर खुंटी दमत नाही. तिला भाकरी लागत नाही. पण तीच पिशवी आपण हात लांब करून धरली तर पाच मिनिटांत हात थरथरतो. पिशवी दोन्हीकडे जागची हललेली नाही. फरक आहे तो स्नायूंचा. स्नायू ताठ ठेवायचा म्हणजे त्याच्या आतले बारीक धागे सतत आखडत राहावे लागतात, आणि त्यासाठी खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा खर्च होते. ती उष्णता बनून जाते, म्हणून घाम येतो. शिवाय चालताना दर पावलाला आपलं शरीर थोडं वर जातं, थोडं खाली येतं. मान सावरायची, तोल सावरायचा, त्यालाही ऊर्जा लागते.

म्हणजे पुस्तकातला शून्य हंड्याचा आहे, बाईचा नाही. हंड्याला काय मिळालं, एवढंच पुस्तक मोजतं. बाईचं काय गेलं, हा हिशोब त्या सूत्रात नाही. शब्द एकच, ‘काम’, पण वह्या दोन. हे कळल्यावर आईनं लेकीला म्हटलं, “मग बाई, तुझं पुस्तक खोटं नाही. फक्त माझी वही त्यात नाही.”

आता ‘दाब’. बल किती जागेवर पडतं, त्यावर दाब ठरतो. हंड्याचं बूड गोल. थेट डोक्यावर ठेवलं तर ते जेमतेम १० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतं असं धरा. मग २० किलो वजन तेवढ्यावरच. दर चौरस सेंटिमीटरला २ किलो. चुंभळ ठेवली की तेच वजन १०० चौरस सेंटिमीटरवर पसरतं. दर चौरस सेंटिमीटरला फक्त २०० ग्रॅम. वजन तेच, दाब दहावा हिस्सा. आपल्या आज्यांनी हे चिंधीच्या वेटोळ्यात साधलं होतं. विळीचं पातं धारदार का, तर तिथं उलटं करायचंय. जागा कमी, म्हणून दाब जास्त, म्हणून भोपळा चिरतो.

पण लक्षात घ्या, चुंभळीनं दाब कमी होतो, ओझं कमी होत नाही. मानेवर २० किलो ते २० किलोच.

मग ओझं कशानं कमी होईल? आम्ही आडावरच्या रहाटाकडे गेलो. आड ८ मीटर खोल. १० लिटरचा पोहरा वर काढायचा म्हणजे १०० न्यूटन गुणिले ८ मीटर, ८०० ज्यूल. रहाट लावला तरी जोर तेवढाच लागतो, कारण एका चाकाच्या रहाटानं फक्त दिशा बदलते. वाकून वर ओढण्याऐवजी आपण खाली ओढतो आणि अंगाचं वजन कामी येतं. कंबर वाचते, पण ८०० ज्यूल वाचत नाहीत.

हापसा बघा. गावोगाव दिसतो तो ‘इंडिया मार्क टू’ हापसा १९७०च्या दशकात तयार झाला, आणि त्याच्यामागं आपल्याच सोलापूरकडच्या हापशाची रचना होती, हे आम्हालाही नवीनच कळलं. त्याचा दांडा आपल्या बाजूला लांब आणि पंपाच्या बाजूला आखूड असतो, साधारण आठास एक. म्हणून कमी जोरात जड पाणी वर येतं. पण दांडाही तितकाच जास्त हलवावा लागतो. जोर आठवा हिस्सा, तर अंतर आठपट. गुणाकार तोच.

एक म्हातारी आजी आमच्यात बसायची. ती म्हणाली, “म्हणजे जोर वाचतो, काम वाचत नाही.” आजी शाळेत गेलेली नाही, पण धड्याचं सार तिनंच सांगितलं. पाणी वर चढवायचं असेल, तर ते काम कुणीतरी करावंच लागतं. त्यातून सुटका नाही.

ऊर्जाही अशीच. ती नाहीशी होत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल नावाचा, बिअर गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा होता. त्याच्याच नावावरून हे ज्यूल माप आलं. १८४०च्या दशकात त्यानं दोरीला वजन बांधून खाली सोडलं, आणि त्या दोरीनं पाण्यातलं वल्ह्यांचं चाक फिरवलं. आपण रवीनं ताक घुसळतो तसंच. पाणी अगदी किंचित तापलं, आणि किती तापलं ते त्यानं मोजलं. वजन खाली आलं तेव्हा त्याची ऊर्जा संपली नव्हती, पाण्यात गेली होती. हिशोब जुळला.

म्हणून पाणी उंचावर नेलं की त्याच्यात ऊर्जा साठते. पुस्तकात तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. उंचावरच्या टाकीतलं पाणी तोटी उघडताच आपोआप धावतं, ते या साठवलेल्या ऊर्जेवर. कुणीतरी आधी ते वर चढवलेलं असतं.

इथपर्यंत शिकलो आणि आमच्या डोक्यात प्रश्न आला तो आमच्या वस्तीचा.

आमचं गाव कमी पावसाच्या भागातलं. विहीर ओढ्याजवळ, खाली. त्याच्यावर देऊळ आणि गावठाण. आणि सगळ्यात वर, माळावर, आमची चाळीस घरांची वस्ती. गावात नळयोजना येणार म्हणून आम्ही खूश होतो. टाकी देवळाच्या पटांगणात, ६ मीटर उंच खांबांवर होणार असं ठरत होतं. आमच्या मनात आलं, त्या टाकीतून पाणी माळावर चढेल का?

पाणी आपल्या पातळीच्या वर आपोआप जात नाही. आणि पाण्याचा दाब ठरतो तो त्याच्या उंचीवर. एक चौरस सेंटिमीटर रुंदीचा, १० मीटर उंच पाण्याचा खांब मनात आणा. त्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं, म्हणजे एक किलो. म्हणून १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. उंची निम्मी तर दाब निम्मा. टाकी किती मोठी, किती रुंद, याचा दाबाशी संबंध नाही.

तेव्हा माळ देवळापेक्षा किती उंच आहे, तेच मोजायचं होतं. त्याला मोठं यंत्र लागत नाही. गवंडी घराचं जोतं लेव्हलमध्ये घ्यायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, तीच आम्ही मागून आणली. तुम्हाला करायचं असेल म्हणून नीट सांगतो.

१५-२० मीटर लांबीची नळी घ्या. तिच्यात पाणी भरा, पण मध्ये बुडबुडा राहू देऊ नका. दोन सरळ काठ्या घ्या, त्यांच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. एक जण नळीचं एक टोक काठीला लावून खाली उभी राहील, दुसरी चढावर पुढं जाईल. दोन्ही टोकं उघडी असली आणि पाणी स्थिर झालं, की दोन्हीकडे ते एकाच पातळीवर असतं. मधली नळी कितीही वेडीवाकडी असली तरी चालते. समजा खालच्या काठीवर पाणी जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर आहे आणि वरच्या काठीवर ४० वर. म्हणजे जमीन ११० सेंटिमीटर चढली. हे वहीत लिहायचं, मग खालचीनं पुढं जायचं आणि पुन्हा मोजायचं. शेवटी सगळ्या आकड्यांची बेरीज.

आम्हाला दोन सकाळी लागल्या. लोकांनी विचारलं, “काय गं, माळाला सलाईन लावताय काय?” आम्ही हसलो आणि मोजत राहिलो. बेरीज आली ९ मीटर. उतरताना पुन्हा उलटं मोजलं, फरक वीतभरही नव्हता. तसंच विहिरीचा काठ देवळापेक्षा ३ मीटर खाली निघाला.

आता बघा. देवळाच्या पटांगणापासून टाकीचं बूड ६ मीटरवर आणि आमची वस्ती ९ मीटरवर. टाकीचं बूड आमच्या उंबऱ्यापेक्षा ३ मीटर खाली. नळ बसला असता, तोटी चमकली असती, पाणी आलं नसतं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या सभेत आम्ही हा विषय लिहून घ्यायला लावला. मग ग्रामसभेत उभ्या राहिलो. पहिलं उत्तर आलं, “टाकी चांगली मोठी बांधतोय, पाणी जोरात येईल.” आम्ही नळी सोबतच नेली होती. टेबलावर कळशी ठेवली, तिच्यातून नळीनं पाणी काढलं. नळीचं टोक खाली धरलं तर पाणी येतं. टोक कळशीतल्या पाण्याच्या वर उचललं की बंद. मग कळशीच्या जागी मोठं पिंप ठेवलं, पाणी तेवढ्याच पातळीला. टोक वर उचललं, पुन्हा बंद. पिंप केवढंही असू दे, पाणी त्याच्या पातळीच्या वर चढत नाही. सभेत शांतता झाली.

मग दुसरं उत्तर आलं, आणि खरी गोष्ट तिथंच होती. कुणीतरी म्हणालं, “देवळापाशी एक तोटी ठेवू वस्तीसाठी. बाया आणत्यातच की, त्यात काय एवढं.”

त्यात काय एवढं, ते आम्ही आकड्यांत मांडलं. ‘जलजीवन मिशन’मध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे २० लिटरच्या चौदा खेपा. आज आम्ही विहिरीवरून आणतो, चढ १२ मीटर. देवळापाशी तोटी आली तरी ९ मीटर उरतोच. विहिरीचाच हिशोब घ्या. २० किलो पाणी वर नेताना ५० किलोची बाईही स्वतः वर चढते. दर खेपेला ७० किलो, १२ मीटर, म्हणजे ८,४०० ज्यूल. त्यातलं पाण्याच्या वाट्याला फक्त २,४००. आणि एवढं कार्य करायला शरीराला त्याच्या साधारण चौपट ऊर्जा अन्नातून खर्चावी लागते, बाकीची उष्णता बनून जाते. चौदा खेपा कोणती बाई करील? नाहीच करत. आम्ही सहा-सात खेपा करतो आणि उरलेलं पाणी वापरत नाही. अंघोळ एकाआड एक दिवस, कपडे आठवड्याला. म्हणजे योजनेच्या कागदावर माणशी ५५ लिटर असले, तरी माळावर पोहोचतात त्याच्या निम्मेच.

आता तेच काम पंपानं केलं तर? आम्ही मागितली ती वस्तीपुरती एक वेगळी छोटी टाकी, माळावर, ३ मीटर उंचीवर. म्हणजे पाणी विहिरीच्या काठापासून १५ मीटर वर चढवायचं. विहिरीतून काढायचं काम दोन्हीकडे सारखंच, ते बाजूला ठेवू. चाळीस घरांचं रोजचं पाणी ११,००० लिटर. कार्य साडेसोळा लाख ज्यूल. एक युनिट विजेत ३६ लाख ज्यूल असतात. पंपात, मोटरीत, पाइपात निम्मी ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी एका युनिटाच्या आत भागतं. एक अश्वशक्तीची मोटर सव्वा तासात हे करते.

ऐकलंत ना? रोजचं एक युनिट. चाळीस घरांतल्या बायांच्या माना, गुडघे, पोरींच्या बुडालेल्या सकाळच्या तासिका, हे सगळं एका युनिटाच्या जागी उभं होतं. विजेचं बिल पंचायतीच्या वहीत दिसतं, म्हणून तो खर्च. आमची खेप कुठल्याच वहीत दिसत नाही, म्हणून ती फुकट.

आम्ही एवढंच म्हटलं, की पाणी माळावर चढवायचं काम कुणीतरी करणारच आहे. ते मोटरीनं करायचं की आमच्या पायांनी, हे ठरवा, आणि जे ठरवाल ते इतिवृत्तात लिहा.

इतिवृत्तात आमचं माप लिहिलं गेलं. नंतर मोजणीचं यंत्र घेऊन माणसं आली, त्यांचा आकडा आमच्या आकड्याच्या जवळच निघाला. माळावरच्या छोट्या टाकीचा प्रस्ताव गेलाय. अजून मंजुरी यायची आहे. आज सकाळीही आम्ही खेपा केल्या. पण आता कुणी “त्यात काय एवढं” म्हणत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात टाकी होणार असेल, झाली असेल, तर एकदा नळी घेऊन मोजा. पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. तुमच्या गावात कोण आहेत ते विचारा, आणि त्यांना सोबत घ्या. आणि घरात पोरगी विज्ञान मोठ्यानं वाचत असेल तर तिला गप्प करू नका. हंडा खाली ठेवा, शेजारी बसा, आणि विचारा, “हा शून्य कुणाचा गं?”

आमची ती पोरगी परवा चाचणीत लिहून आली, ‘हंड्यावर झालेले कार्य शून्य.’ गुण पूर्ण मिळाले. घरी येऊन तिनं आईच्या हातातली कळशी घेतली आणि म्हणाली, “दे, तुझ्या वहीतलं थोडं मी उचलते.”